कडेवरच्या आठ किलोंचा हिशेब

एका वाचक आईचे पत्र: माझे वय ३३ आणि वजन ६० किलो आहे. मुलगी ४ वर्षांची आणि मुलगा ८ महिन्यांचा आहे. तो वरचे खाऊ लागला असला तरी अजून अंगावर पितो. सध्या मी पूर्ण वेळ घरी असते. भरवणे, आंघोळी, कपडे, सतत उचल-ठेव, रोज पाऊण तास बाबागाडी घेऊन फिरणे आणि दोन तास मुलीशी खेळणे एवढे करूनही मनगटावरचे घड्याळ रात्री ‘सक्रिय कॅलरी २१०’ दाखवते. नवरा ४० मिनिटे धावून येतो, त्याच्या घड्याळात ४०० दिसतात. त्याचे वजन ७२ किलो आहे. परवा तो सहज म्हणाला, ‘तूही थोडा व्यायाम सुरू कर ना.’ तो वाईट हेतूने बोलला नव्हता, पण मला रडू आले. रात्री मी अक्षरशः कोसळते, तरी वजन उतरत नाही. मुलांचे करण्यात खरेच काही ऊर्जा खर्च होते, की मला उगाच तसे वाटते? आणि वेगळा व्यायाम करायलाच हवा का?

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला उगाच वाटत नाही. तुमच्या घड्याळातला २१० हा आकडा चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे आपण हिशेब मांडूनच पाहू. मात्र आधी एक सांगते. रात्री जाणवणारा थकवा आणि दिवसभरात जळलेली ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरून दुसरीचे माप काढायला गेले की घोटाळा होतो. तुमची ऊर्जा घड्याळ सांगते त्यापेक्षा पुष्कळ जास्त खर्च होते. तरीही तुमच्या थकव्याचे मोठे कारण ती ऊर्जा नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हेच मला या उत्तरात सांगायचे आहे.

शरीराचा ऊर्जाखर्च मोजण्याचे एक सोपे एकक आहे, त्याला मेट म्हणतात. शांत बसलेले शरीर दर किलो वजनामागे दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरते असे धरून त्या खर्चाला १ मेट मानले आहे. सोयीची गोष्ट अशी की १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे दर तासाला जवळजवळ १ किलोकॅलरी. (बोलताना आणि वेष्टनांवर आपण ज्याला नुसते ‘कॅलरी’ म्हणतो ती ही किलोकॅलरीच, खाली मीही तसेच म्हणणार आहे.) म्हणजे तुमच्या ६० किलो वजनाला १ मेटचा एक तास ६० कॅलरींचा पडतो. कोणत्या कामाला किती मेट लागतात याचा एक मोठा तक्ता अमेरिकेतील संशोधक बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो पुढे वेळोवेळी सुधारला गेला. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत ८०० हून अधिक कामे आहेत आणि त्यांत मुलांचे करण्याला स्वतंत्र ओळी आहेत. ज्या श्रमांना ‘घरीच तर असते’ या तीन शब्दांत गुंडाळले जाते, त्यांची नोंद धावणे आणि पोहणे यांच्या शेजारी केलेली पाहून मला तरी फार बरे वाटले होते.

तो तक्ता सांगतो की नुसते स्वस्थ बसणे १.३ मेटचे आहे. बसून किंवा गुडघ्यांवर राहून मुलाला भरवणे, न्हाऊ घालणे, कपडे घालणे यांना २ मेट लागतात आणि हेच काम उभ्याने, वाकत-उचलत केले तर ३. साधारण ७ किलो किंवा त्याहून जड मूल कडेवर घेऊन चालणे ३ मेटचे. बाबागाडी ढकलत ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने चालणे ४ मेटचे, म्हणजे बसून राहण्याच्या तिपटीहूनही जास्त. खेळाचे तर वेगवेगळे भाव आहेत: बसून खेळलात तर २.२, चालत-पळत मध्यम जोराने खेळलात तर ३.५, आणि जीव खाऊन पकडापकडी केलीत तर ५.८.

या शेवटच्या आकड्यांपुढे एक अट लिहिलेली आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हे आकडे फक्त प्रत्यक्ष हालचालीच्या वेळेचे आहेत. चार वर्षांच्या मुलीशी दोन तास खेळणे म्हणजे दोन तास पळणे नव्हे. आधी नियम ठरतात, ते मोडले जातात, मग नव्याने ठरतात. मध्येच बुटाचा बंद सुटतो. चेंडू पलंगाखाली जातो आणि तुम्ही पोटावर आडव्या होऊन हात लांबवता. तेवढ्यात तिला एक मुंगी दिसते आणि दोघी पाच मिनिटे तिच्यामागे डोके लावून बसता. म्हणून तुमच्या दोन तासांतली २० मिनिटे खरी धावपळ, ४० मिनिटे मध्यम हालचाल आणि उरलेला तास बसून खेळणे, असे मी धरते. उरलेल्या दिवसाचा अंदाज असा बांधला आहे: बसून करायची कामे तीन तास, उभ्याने करायची दीड तास, मुलाला घेऊन वावरणे एक तास आणि बाबागाडी पाऊण तास. तुमच्या घरची वाटणी थोडी वेगळी असेल, तर आकडे बदलून पाहा. रीत तीच राहील.

आता तुम्ही त्या वेळी नुसत्या बसून राहिल्या असतात तर जेवढी ऊर्जा लागली असती ती वजा करून वरचा खर्च काढू, कारण खरा प्रश्न तोच आहे. बसून केलेल्या कामांचे सुमारे १२५, उभ्याने केलेल्या कामांचे १५०, कडेवर घेऊन वावरण्याचे १००, बाबागाडीचे १२० आणि खेळाचे २३०. एकूण ७२५ कॅलरी. हा आकडा मी थोडा खाली आणेन, कारण ३.५ मिलिलिटर हे एक ठरवून घेतलेले प्रमाण आहे आणि अनेक माणसांचा विश्रांतीतला प्रत्यक्ष वापर त्याहून कमी भरतो. तशी काटछाट करूनही तुमचा रोजचा वरखर्च ६०० कॅलरींच्या घरात राहतो.

तुमच्या पतींचे धावणेही याच तराजूत घालून पाहू. ताशी ८ किलोमीटर वेगाने धावणे ८.३ मेटचे आहे, त्यामुळे ७२ किलो वजनाला ४० मिनिटांत सुमारे ४०० कॅलरी लागतात. त्यांच्या घड्याळाने दाखवलेला आकडा अगदी पटण्यासारखा आहे. पण त्यातल्या साधारण ६० त्यांनी खुर्चीत बसूनही जाळल्याच असत्या. म्हणजे धावण्यामुळे वाढलेला खर्च ३४० च्या आसपास. त्यांच्या धावण्याला कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही, ते उत्तम करत आहेत. पण एकूण खर्चापुरते बोलायचे तर तुमचा सव्वाआठ तासांचा दिवस त्यांच्या चाळीस मिनिटांपेक्षा भारी भरतो, काटछाट केल्यावरही.

मग घड्याळाला हे का दिसत नाही? कारण ते मनगटावर आहे. मनगटाची लय पाहून ते चालणे ओळखते, आणि बाबागाडीच्या दांडीवर ठेवलेले मनगट हलतच नाही. मूल कडेवर असते तेव्हा एक हात त्याच्या मांडीखाली पक्का बसलेला असतो. घड्याळ त्याच हातात असेल तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एका जागी उभ्या आहात. शिवाय ऊर्जा मोजण्यात ही यंत्रे मुळातच कच्ची आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ६० जणांवर सात मनगटी यंत्रे तपासली, तेव्हा हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण ऊर्जाखर्चात सर्वांत बरे ठरलेले यंत्रही २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. अशा आकड्यावरून आपल्या दिवसाची किंमत ठरवू नका.

आणि सर्वांत मोठी रक्कम तर अजून हिशेबात धरलेलीच नाही. १०० मिलिलिटर आईच्या दुधात साधारण ६७ कॅलरी असतात, आणि ते तयार करताना शरीराची काही ऊर्जा वाया जाते. कार्यक्षमता सुमारे ८० टक्के धरतात. म्हणजे प्रत्येक १०० मिलिलिटरमागे तुमच्या शरीरातून जवळपास ८४ कॅलरी जातात. पहिल्या सहा महिन्यांत, बाळ फक्त अंगावर पीत असताना, आईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात असे जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या तज्ज्ञांनी मांडले आहे. तुमचा मुलगा आता वरचे खातो, म्हणून दूध अर्धा लिटरच धरू. तरीही ४२० कॅलरी झाल्या. पतींच्या धावण्याहून जास्त, आणि तीही तुम्ही भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेल्या असताना. दिवसभरातला जो वेळ बघणाऱ्याला विश्रांतीचा वाटतो, त्याच वेळात शरीराचे हे काम चालू असते. कोणतेही घड्याळ ते मोजत नाही. दोन्ही रकमा एकत्र केल्या तर नुसत्या बसून राहणाऱ्या माणसापेक्षा तुमचा रोजचा खर्च हजार कॅलरींच्या आसपास जास्त आहे.

आता थकव्याकडे येते. तुम्ही मुलीला दिवसातून तीस वेळा उचलत असाल. ती १५ किलोंची आहे असे धरले, तर तिला एक मीटर वर उचलण्यासाठी लागणारे यांत्रिक काम १४७ ज्यूल आहे. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते, तेव्हा तिच्या वजनापुरता खर्च एका वेळेला ०.२ कॅलरीही होत नाही. तीस वेळचा मिळून पाच कॅलरी. स्वतःचे धड वर उचलण्याचा खर्च त्यात मिळवला तरी रक्कम किरकोळच राहते. मग संध्याकाळी कंबर का धरते? कारण कंबर कॅलरी मोजत नाही. वाकलेल्या स्थितीत, अंगापासून लांब असलेले आणि वर वळवळणारे वजन अचानक उचलताना पाठीच्या खालच्या भागावर क्षणभर प्रचंड ताण येतो, आणि तो दिवसातून तीस वेळा येतो.

धाकट्याला कडेवर घेऊन उभे राहण्याचेही तसेच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच हालचाल दिसत नाही, पण तुमचा दंड आणि एका बाजूची कंबर सतत आवळलेली असते. आवळलेल्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोहोचते, आणि म्हणून हात भरून येतो. चालताना स्नायू आवळतो आणि सैल होतो, त्यात त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. धरून ठेवण्यात ती मिळत नाही. बाळ झोळीसारख्या वाहकात अंगाशी बांधून घेतले तर फरक पडतो. हातांवर बाळ वाहून नेताना झोळीपेक्षा सरासरी १६ टक्के जास्त ऊर्जा लागते, असे २००७ च्या एका अभ्यासात मोजले गेले आहे, आणि हात मोकळे राहतात ते वेगळेच. त्यामुळे कॅलरी थोड्या कमी जळतील, जळू द्या. खर्च वाढवणे हे तुमचे ध्येय असण्याचे काहीच कारण नाही.

थकव्याचा दुसरा वाटा लक्षाचा आहे. नुकतेच चालू लागलेले मूल किती हलते याची मोजदाद न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली: १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. तासाला सतरा म्हणजे दर साडेतीन मिनिटांना एक. तुमचा धाकटा काही महिन्यांत याच टप्प्यावर येईल. त्यातले बहुतेक पडणे साधे बुडावर बसणे असते, पण नेमके कोणते पडणे पायरीवरचे असेल हे आधी कळत नाही, म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. हे राखण करणे पाय हलवत नाही आणि मेंदूच्या ऊर्जेतही त्याने फारसा फरक पडत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असूनही विश्रांतीतली जवळपास २० टक्के ऊर्जा घेतो, पण तो ती तुम्ही गणित सोडवत असा किंवा खिडकीबाहेर पाहत असा, जवळजवळ सारखीच घेतो. तरी आपण थकतो. एकही काम सलग पुरे न होता दिवसभर लक्ष तुटत राहणे, हा शीण कोणत्याही मेटच्या तक्त्यात बसत नाही, आणि म्हणून तो खोटा ठरत नाही.

तिसरा वाटा झोपेचा, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हाच सर्वांत मोठा आहे. आठ महिन्यांचे बाळ अंगावर पीत असेल तर तुमची झोप रात्री दोन-तीन वेळा मोडत असणार. झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते. ते मध्येच तुटत राहिले तर घड्याळात सात तास भरूनही शरीराला सात तास मिळत नाहीत. वजन न उतरण्याचा धागाही इथेच सापडतो. शिकागोमध्ये झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री प्रत्येकी चारच तास झोपू दिले. दहा तासांच्या रात्रींशी तुलना करता पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले. ती मुले तरुण होती, आणि त्या दोनच रात्री होत्या. तुमच्या कित्येक महिने झाल्या आहेत. त्यावर दूध निर्माण करण्यासाठी लागणारी स्वाभाविक भूक आहेच. तेव्हा हातून जास्त खाल्ले जात असेल तर त्यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा शोधू नका.

‘इतक्या कॅलरी जाळते, म्हणजे इतके ग्रॅम उतरायला हवेत’ हे गणितही सोडून द्या. शरीर ही गळकी टाकी नाही, ते एकीकडचा खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडता घेते. टांझानियातील हाड्झा हे शिकार करणारे आणि कंदमुळे गोळा करणारे लोक दिवसभर मैलोन्मैल चालतात, तरी शरीराचे आकारमान लक्षात घेता त्यांचा एकूण दैनंदिन ऊर्जाखर्च बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच भरला, असे हर्मन पाँट्झर यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले. त्याचा अर्थ हालचाल निरुपयोगी असा नाही. तिचे फायदे हृदय, साखर, झोप आणि मन यांना मिळतात, वजनकाट्यावर ते थेट उतरत नाहीत एवढेच. आणि दूध पाजत असताना कडक पथ्य करून वजन पाडण्याचा प्रयत्न तर करूच नका. भूक असेल तेवढे, चांगले आणि वेळेवर खा. मुलांचे भरवून होईपर्यंत स्वतःचे ताट निवू देऊ नका.

आता वेगळ्या व्यायामाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरतो, आणि ‘एका वेळी निदान दहा मिनिटे सलग’ ही जुनी अट आता उरलेली नाही. मध्यम म्हणजे ३ ते ६ मेट. तुमची बाबागाडीची फेरी ४ मेटची आहे आणि रोज पाऊण तास म्हणजे आठवड्याला ३१५ मिनिटे. खेळातली मध्यम आणि जोराची हालचाल मी यात धरलेलीही नाही. म्हणजे ज्या व्यायामाची सुरुवात करण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला, तो तुम्ही आधीपासूनच नेमाने करत आहात. हे वाक्य पतींना जरूर वाचून दाखवा. अट एकच, फेरी रमतगमत न होता पावले उचलून व्हावी. चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणायला श्वास अपुरा पडावा, इतका वेग बरोबर.

खेळातल्या त्या धावपळीच्या २० मिनिटांनाही मी फार मानते. ब्रिटनमधील २५ हजारांहून अधिक, कोणताही व्यायाम न करणाऱ्या माणसांच्या हालचाली यंत्राने नोंदवून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोजच्या जगण्यातच एक-दोन मिनिटांची धाप लावणारी हालचाल दिवसातून तीनदा करणाऱ्यांचा पुढच्या सुमारे सात वर्षांतला मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळला. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण दिशा दिसते. मुलगी ‘मला पकड’ म्हणून पळते आणि तुम्ही जोर लावून दहा-वीस पावले धावता, ती हीच हालचाल. ती तिलाही हवी आहे: तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली निदान ६० मिनिटे दमवणारी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०१९ च्या सूचना सांगतात. मात्र तिच्या प्रत्येक ‘पुन्हा’ला उठलेच पाहिजे असे नाही. अंगात त्राण नसेल त्या दिवशी एका जागी बसून तिला धावायला लावणारे खेळ खेळा: ‘दाराला हात लावून ये’, ‘लाल दिसेल ते घेऊन ये’. तिची हालचाल होईल आणि तुमचे पाय टेकतील.

उणीव एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाची, आठवड्यातून दोन दिवस. मुले उचलणे हा बळाचा व्यायाम का नव्हे, असे तुम्ही विचाराल. कारण ते एकाच बाजूने, घाईत आणि बहुतेक वेळा चुकीच्या स्थितीत होते. तुम्ही मुलाला कायम एकाच कमरेवर घेत असाल. आज आरशात पाहा, एक खांदा वर राहिलेला दिसेल. बाजू बदलायची सवय लावा, सुरुवातीला ते परक्या हाताने लिहिण्यासारखे वाटेल. उचलताना पाय फाकवून, गुडघे आणि खुबे वाकवून खाली जा, मूल आधी छातीशी घ्या आणि मग पायांच्या जोरावर उठा. खुर्चीवरून हात न टेकवता दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दंड, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आवळणे-सोडणे, एवढ्यावर सुरुवात पुरे. बाळंतपणानंतर पोटाच्या मधल्या स्नायूंमध्ये फट राहिली असेल किंवा शिंकताना, हसताना लघवी निसटत असेल, तर पाठीवर झोपून धड उचलण्यासारखे पोटाचे व्यायाम करण्याआधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. हे अवघड वाटून लपवले जाते, आणि म्हणून विनाकारण वर्षानुवर्षे सोसले जाते.

डॉक्टरांकडेही एकदा जाऊन या. ‘रात्री अक्षरशः कोसळते’ हे तुमचे शब्द मला काळजीचे वाटतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन तपासण्या करून घ्या, कारण बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडचा दाह अनेक स्त्रियांना होतो आणि तो थकवा, न उतरणारे वजन, उदासी अशाच रूपात वावरतो. आईपणाच्या दगदगीत तो ओळखूच येत नाही. रडू येणे एका प्रसंगापुरते होते की दोन आठवड्यांहून जास्त काळ मन तसेच जड आहे, कशात रस वाटत नाही, बाळ झोपले तरी झोप लागत नाही, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. यावर चांगले उपचार आहेत आणि बहुतेक उपचार दूध पाजत असतानाही घेता येतात.

शेवटी घरातली वाटणी. तुमच्या पतींच्या ४० मिनिटांचे वैशिष्ट्य कॅलरींमध्ये नाही. ती ४० मिनिटे सलग असतात, त्यांना त्या वेळी कोणी हाक मारत नाही आणि त्यांच्या मागे घर कोणीतरी सांभाळत असते. ते तुमच्याविषयी आकसाने बोलले नाहीत असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा त्यांच्यापुढे हा हिशेब मांडा आणि त्यांच्याकडून वेळ मागून घ्या. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी दोन्ही मुले त्यांच्याकडे, आणि तुम्ही घराबाहेर. चालायला जा, नाहीतर नुसत्या बसून राहा. त्याहून आधी, याच आठवड्यापासून, रात्रीची व्यवस्था बदला. झोपण्यापूर्वी मुलाला पाजून तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपायचे आणि पुढचे चार-पाच तास तो उठला तर त्याला थोपटणे, कोरडे करणे, फिरवणे हे पतींनी पाहायचे. खरोखर भूक लागली असेल तर आधी काढून ठेवलेले दूध त्यांनी पाजायचे. पहिल्या दोन-तीन रात्री तो रडेल, आणि तुम्हाला भिंतीपलीकडून ते ऐकू येईल. उठू नका. तो त्याच्या वडिलांच्या कुशीत आहे.